मोजलेल्या पावसाचा सातबारा

२६ जुलै २००५ या तारखेला काय झालं, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत भरला जेमतेम ७४ मिलिमीटर. एकाच शहरातली, एकाच खात्याची ही दोन केंद्रं. उपनगरं गळ्यापर्यंत पाण्यात असताना दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांना बराच वेळ त्याची कल्पना का आली नाही, ते या दोन आकड्यांत आजही वाचता येतं. पण हवामान खात्याच्या विक्रमांच्या तक्त्यात हा पाऊस २६ जुलैसमोर शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे तो २७ जुलैच्या नावावर आहे.

यात घोटाळा काही नाही. पर्जन्यमापकात साठलेलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि येईल तो आकडा मोजणीच्या तारखेला लिहायचा, ही खात्याची जुनी शिस्त. साडेआठच का, तर तेव्हा ग्रिनिचच्या वेळेनुसार तीन वाजलेले असतात, आणि हवामानशास्त्र जगभर ग्रिनिचच्या घड्याळावर चालतं. खात्यातल्या माणसाच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नाही. आता मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत दिवस धरणारं दुसरं एखादं जाळं घ्या, आणि दोघांचे आकडे तारीख बघून शेजारीशेजारी मांडा. एकाकडे २६ला प्रलय, दुसऱ्याकडे २७ला. संगणक यावर हूं की चूं करत नाही. तो दोन्हींची सरासरी काढून हातात ठेवतो.

सेन्सर बसवणं हे आज सगळ्यांत सोपं काम झालं आहे. खांब, सौर पॅनल, बॅटरी, सिमकार्ड आणि वर दोन-चार यंत्रं. दिवसाभरात केंद्र उभं राहतं, फीत कापली जाते, फोटो निघतो. ते केंद्र शेजारच्या केंद्राशी एका भाषेत बोलेल का, आणि दोघांना मिळून एकच प्रश्न विचारता येईल का, हे मात्र फीत कापताना कुणी विचारत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

आपल्या राज्यात पाऊस आणि पाणी मोजतं कोण, याची मोजदाद करायला बसलं की बोटं पुरत नाहीत. भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळा आणि स्वयंचलित केंद्रं आहेत. कृषी विभागाचा ‘महावेध’ प्रकल्प आहे. स्कायमेट या खासगी कंपनीच्या भागीदारीतला हा प्रकल्प. त्यातलं पहिलं केंद्र एप्रिल २०१७ मध्ये नागपूर जिल्ह्यात डोंगरगावला सुरू झालं आणि पुढे राज्यभर महसूल मंडळागणिक एक अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. जलसंपदा विभागाची धरणांवरची आणि नद्यांवरची यंत्रणा वेगळी. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांतून दूरसंदेशानं येणारे तिचे आकडे पुण्याच्या सिंचन भवनात जमा होतात. केंद्रीय जल आयोगाची नदीकाठची केंद्रं आणखी वेगळी. २००५च्या पुरानंतर मुंबई महापालिकेनं शहरभर स्वतःची पर्जन्यमापकं बसवली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा घेते, केंद्रीय भूजल मंडळ स्वतःच्या विहिरींची घेतं. हवेसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळांची केंद्रं आहेत, शिवाय पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘सफर’ आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांनी पदरमोड करून बागेत लावलेली छोटी केंद्रं तर कुठल्याच सरकारी यादीत नाहीत.

यातलं प्रत्येक जाळं आपापल्या कामासाठी उभं राहिलं, आणि त्या कामापुरतं ते चोखही असेल. अडतं कधी, तर प्रश्न दोन जाळ्यांच्या हद्दी ओलांडतो तेव्हा. पूर तर कुठलीच हद्द मानत नाही.

पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान बघा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये. कोयना धरणातला साठा टीएमसीमध्ये, एकूण क्षमता १०५.२५. धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तीच नदी थोडी खाली कुरुंदवाडला गेली की केंद्रीय जल आयोग तिची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगतो. आयर्विन पुलाचा फूट त्या पुलावरच्या पट्टीच्या शून्यापासूनचा आहे. तो शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, हे माहीत असल्याखेरीज सांगली आणि कुरुंदवाडच्या पाण्यात किती उतार आहे ते काढता येत नाही. आणि पाणी पुढे सरकतंय की तुंबलंय, हे त्या उतारावरून तर कळतं.

पान वाचणारा सांगलीकर हे सगळं डोक्यात बरोबर जुळवतो. चाळीस वर्षांची सवय असते त्याला. वरच्या आकड्यावरून माल माळ्यावर कधी चढवायचा हे गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. यंत्राला ही सवय नाही, आणि दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाही नाही.

आकडे एकत्र करायला बसलेल्याला सगळ्यात जास्त छळतं ते शून्य. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या आत डोकावलं तर नरसाळ्याखाली एक छोटं दुहेरी भांडं दिसतं, मधोमध तोललेलं, सी-सॉसारखं. एका बाजूला ठरावीक पाणी साठलं की ते कलंडतं, पाणी सांडतं, दुसरी बाजू वर येते. कलंडल्याची नोंद म्हणजे एक टिचकी. प्रत्येक टिचकी म्हणजे यंत्राच्या बनावटीनुसार ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस. टिचक्या मोजा, पाऊस मिळाला. फार साधी, गोड रचना आहे. पण नरसाळ्यात पिंपळाचं पान अडकलं, कोळ्यानं जाळं विणलं किंवा गांधीलमाशीनं घर केलं, की टिचक्या थांबतात. बाहेर धो धो पाऊस आणि यंत्र इमानेइतबारे शून्य पाठवतंय. पाऊस नाही म्हणूनही शून्य, यंत्र तुंबलंय म्हणूनही शून्य. बॅटरी संपून यंत्र गप्प झालं तर काही ठिकाणी रकाना रिकामा राहतो, काही ठिकाणी उणे ९९९ पडतात, आणि काही ठिकाणी माहिती साठवणारी प्रणाली रिकाम्या जागी आपणहून शून्य घालते. महिन्याची बेरीज करणाऱ्याला हे तिन्ही वेगळे ओळखता आले नाहीत तर दुष्काळ कागदावर तयार होतो.

दुसरा घोळ बेरजेचा. एक यंत्र दर पंधरा मिनिटांनी त्या पंधरा मिनिटांतला पाऊस पाठवतं. दुसरं दर पंधरा मिनिटांनी सकाळपासूनचा एकूण पाऊस पाठवतं. रकान्याचं नाव दोन्हीकडे ‘पाऊस’. दुसऱ्याच्या नोंदींची बेरीज केलीत की चेरापुंजी झक मारेल. आणि गावांच्या नावांबद्दल तर काय बोलावं! महाराष्ट्रात वडगाव किती? नुसतं ‘वडगाव’ लिहिलेल्या केंद्राचा पाऊस कुठल्या तालुक्यात टाकायचा, हे ज्यानं केंद्र बसवलं त्यालाच ठाऊक, आणि त्याची एव्हाना बदली झालेली असते.

हा पेच आजचा नाही आणि संगणकाच्याही आधीचा आहे. १८५३ साली ब्रसेल्समध्ये सागरी देशांची एक परिषद भरली. अमेरिकन नौदलातला मॅथ्यू माॅरी हा तिचा कर्ताधर्ता. प्रत्येक देशाची जहाजं वारा, लाटा, तापमान आपापल्या वह्यांत आपापल्या पद्धतीनं लिहीत. सगळ्यांनी एकाच नमुन्याची वही ठेवावी, एवढंच तिथे ठरलं. वीस वर्षांनी, १८७३ मध्ये, व्हिएन्नात हवामानशास्त्रज्ञ जमले आणि आंतरराष्ट्रीय हवामान संघटनेची पायाभरणी झाली. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली आपलं हवामान खातं सुरू झालं. त्यामागे १८६४चं कलकत्त्याचं चक्रीवादळ होतं आणि पुढच्या वर्षांतले फसलेले पावसाळे होते. प्रांताप्रांतांच्या वेगवेगळ्या वेधशाळा एका शिस्तीत आणणं हे खात्याचं पहिलंच काम. खात्याचं मुख्यालय पुढे सिमल्याहून १९२८ साली पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव चौकाला चिकटून राहिलं.

त्या शिस्तीतून आलेली एक चीज मला फार आवडते: वेधशाळांचा तारसंकेत. त्याचं सध्याचं रूप १९८०च्या दशकातलं, पण घराणं तारायंत्राचं. सगळा संदेश पाच-पाच आकड्यांच्या गटांत. समजा, एक गट आला १५०३४. पहिले दोन आकडे तारीख, १५. पुढचे दोन ग्रिनिचची वेळ, ०३, म्हणजे आपले साडेआठ. राहिला शेवटचा ४. तो सांगतो की या संदेशातला वारा नॉटमध्ये आहे आणि तो यंत्रानं मोजलेला आहे. तिथे ३ असता तर वारा नॉटमध्येच, पण नजरेच्या अंदाजानं ठरवलेला. १ असता तर मीटर प्रतिसेकंद, यंत्रानं मोजलेला. पुढचा गट ४३०६३, म्हणजे पुणे. कुलाबा असेल तर ४३०५७. या क्रमांकाचं दुसरं केंद्र जगात नाही. पावसाचा गट ६नं सुरू होतो: ६०३२४ म्हणजे ३२ मिलिमीटर, आणि शेवटचा ४ म्हणतो की हा मागच्या चोवीस तासांचा पाऊस. तोच १ असता तर सहा तासांचा.

तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत. तरीही एकक कोणतं, यंत्रानं मोजलं की डोळ्यांनी, किती तासांचं, या तिन्ही गोष्टींसाठी त्या काटकसरी माणसांनी जागा राखली. आज गिगाबाइट फुकटात मिळतात आणि ज्या रकान्याला नुसतं ‘व्हॅल्यू१’ नाव आहे अशा फायली खात्याखात्यांतून फिरतात. याला प्रगती म्हणणं मला जड जातं.

संगणक आले आणि प्रकरण आणखी बिघडलं, कारण यंत्र विकणारी प्रत्येक कंपनी आपली नोंदपेटी, आपली फाइल आणि आपलं संकेतस्थळही विकू लागली. खात्यानं यंत्रं विकत घेतली, पण त्यांतले आकडे बाहेर काढायचे तर त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर हवं. पाच वर्षांनी कंत्राट बदललं की नवा पुरवठादार, नवी फाइल. जुने आकडे एका कोपऱ्यात, नवे दुसऱ्या.

१९९७ साली नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत केव्हिन डेलिन यानं ‘सेन्सर वेब’ ही कल्पना मांडली: विखुरलेल्या सेन्सरांनी एकमेकांशी बोलत एकाच यंत्रासारखं काम करावं. पुढे ती बरीच बदलली. तिला व्यवहारात आणण्याचं किचकट काम ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेनं केलं. नकाशे आणि स्थानिक माहितीची खुली मानकं ठरवणारी ही संस्था १९९४पासूनची. तिच्या बैठकांतून यंत्राचं वर्णन कसं करायचं, निरीक्षण कसं लिहायचं आणि दूरच्या संगणकाकडे ते कसं मागायचं, याची मानकं एकामागून एक आली. निरीक्षण लिहिण्याचा नमुना २०११ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं स्वीकारला, मानक क्रमांक १९१५६. नद्यांच्या आकड्यांसाठी ‘वॉटर-एमएल’ची दुसरी आवृत्ती २०१२ची. सुरुवातीची मानकं इतकी बोजड होती की ती राबवायला एक खास माणूस नेमावा लागे. २०१६ मध्ये ‘सेन्सरथिंग्ज’ हे मानक आलं आणि मामला आटोपशीर झाला. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं सायकल स्टँड, वाहतुकीचे सिग्नल आणि विजेच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रं यांची ताजी माहिती याच पद्धतीनं सगळ्यांना खुली केली आहे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना महाराष्ट्रात समजावून सांगायला सोपी आहे. जमिनीचा तुकडा सातबाऱ्याशिवाय व्यवहारात येत नाही. गट नंबर, क्षेत्र, मालक, पीक, बोजा हे सगळं त्याच्यासोबत चालतं. मोजलेल्या प्रत्येक आकड्याचाही असाच उतारा हवा, आणि तो आकड्यापासून वेगळा काढता येऊ नये.

आयर्विन पुलाचंच उदाहरण सेन्सरथिंग्जच्या नमुन्यात बसवून पाहू. आधी ‘वस्तू’, म्हणजे पुलावरचं केंद्र. त्याची ‘जागा’, म्हणजे अक्षांश-रेखांश. मग ‘यंत्र’: रडारचा पातळीमापक, की पट्टी वाचणारा माणूस. हो, या नमुन्यात माणूसही यंत्राच्या रकान्यात बसतो, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. कोणत्या रीतीनं मोजलं एवढंच तिथे सांगायचं असतं. मग ‘गुणधर्म’: नदीच्या पाण्याची पातळी. मग हे सगळं एका एककाशी बांधणारी ‘मालिका’: पातळी, फुटांत, पट्टीच्या अमुक शून्यापासून. याच पुलावर आणखी पर्जन्यमापक असेल तर त्याची मालिका वेगळी. मालिकेत एकेक ‘निरीक्षण’ येत राहतं. शेवटी ज्याचं निरीक्षण केलं ती गोष्ट. ती पूल नव्हे, ती कृष्णा. केंद्र पुलावर असतं, मोजमाप नदीचं असतं. हा फरक पहिल्यांदा वाचताना शब्दच्छल वाटतो. पण उपग्रहानं वरून तीच नदी मोजली की लगेच पटतं: केंद्रं दोन, यंत्रं दोन, नदी एकच, आणि ‘या नदीबद्दल जे काही आहे ते सगळं दे’ असं विचारता येतं.

निरीक्षणाला वेळाही दोन असतात. घटना घडली ती वेळ आणि आकडा हाती आला ती वेळ. घटनेची वेळ हा क्षण असेलच असं नाही. तिथे कालावधीही चालतो. म्हणजे सांताक्रूझचा तो पाऊस असा लिहिला जाईल: २६ जुलै २००५, ग्रिनिच ०३:०० पासून २७ जुलै, ग्रिनिच ०३:०० पर्यंत. २६ की २७ हा वादच संपतो. शून्यांचीही सोय आहे. प्रत्येक निरीक्षणाला दर्जाचा शेरा जोडता येतो: तपासलेलं, संशयास्पद, यंत्र बंद.

एवढं झालं की प्रश्न विचारता येतात. कोयनेच्या पाणलोटात गेल्या तीन तासांत जिथे जिथे ५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला ती केंद्रं दाखव, मग ती कुणाच्याही मालकीची असोत, फक्त संशयास्पद शेरा असलेली वगळ. आज हा प्रश्न विचारायचा तर चार संकेतस्थळं उघडायची, दोन कचेऱ्यांत फोन करायचे, एका व्हॉट्सअॅप गटात आलेला फोटो मोठा करून वाचायचा. तोवर तीन तास उलटलेले असतात.

अर्थात, चौकट एक झाली म्हणून अर्थ एक होत नाही. दोघांनीही सेन्सरथिंग्ज वापरलं, पण एकानं गुणधर्म लिहिला ‘पाऊस’ आणि दुसऱ्यानं ‘पर्जन्य, संचयी’, तर संगणकाला ते दोन वेगळे वाटणार. त्यासाठी सामाईक शब्दसूची लागते. २०१७ मध्ये वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था आणि ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम यांनी मिळून ‘सोसा’ ही संकल्पनांची मांडणी प्रसिद्ध केली ती या वाटेवरची. जागतिक हवामान संघटनेनं केंद्रांच्या क्रमांकांची नवी पद्धत आणली आहे, त्यात पुण्याचा जुना ४३०६३ हा ०-२००००-०-४३०६३ असा लिहिला जातो. पुढच्या आकड्यांमुळे क्रमांक कुणी दिला ते कळतं आणि हवामान खात्याबाहेरच्या केंद्रांनाही यादीत जागा मिळते. वडगावांचा प्रश्न अशानं सुटतो.

पण तंत्रावर एवढं लिहूनही मला वाटतं की गाडी अडते ती तिथे नव्हेच. ऑस्ट्रेलियाचं बघा. मरे-डार्लिंग खोरं चार राज्यांतून आणि राजधानीच्या प्रदेशातून जातं. या शतकाच्या सुरुवातीला तिथे वर्षानुवर्षं चाललेला भीषण दुष्काळ पडला आणि खोऱ्यात नेमकं पाणी किती, याचं उत्तर कुणाकडेच नाही असं लक्षात आलं. मोजत होते सगळे: राज्य सरकारं, पाटबंधारे कंपन्या, नगरपालिका. २००७ मध्ये देशानं पाणी कायदा केला. त्याखालच्या नियमांनी दोनशेहून अधिक संस्थांना त्यांचे आकडे हवामान विभागाला देणं बंधनकारक केलं, कोणत्या स्वरूपात द्यायचे तेही ठरवून दिलं, आणि जुनी यंत्रणा सुधारायला पैसाही दिला. त्या कामातल्या अनुभवाचा मोठा वाटा पुढे वॉटर-एमएलच्या आंतरराष्ट्रीय मानकात गेला. म्हणजे कायदा आधी झाला आणि सुबक मानक मागून आलं.

कृष्णेचं खोरं आणि मरे-डार्लिंग यांच्यात साम्य पुष्कळ आहे: अनेक राज्यं, अनेक धरणं, पाण्यावरच्या वादाचा दीर्घ इतिहास. आपल्याकडे १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेचं कर्ज आणि नेदरलँड्सची तांत्रिक मदत घेऊन द्वीपकल्पातल्या राज्यांत जलविज्ञान प्रकल्प राबवला गेला. वह्यांतले आकडे संगणकात आले, राज्यांना एकसारखं सॉफ्टवेअर मिळालं. दुसरा टप्पा २००६ला सुरू झाला, २०१६पासून प्रकल्प राष्ट्रीय झाला. ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या संकेतस्थळावर आज देशभरचे पाण्याचे बरेच आकडे बघता येतात. काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. तरी २०१९च्या पुरानंतर सांगलीत चर्चा रंगली ती याच प्रश्नावर: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं, कधी सोडलं, आणि ते आपल्याला कधी कळलं? जून २०२१ मध्ये जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, तेव्हाही विषय पुराच्या वेळचा समन्वय आणि माहितीची देवाणघेवाण हाच होता. दोन राज्यांनी एकमेकांना तासातासाचे आकडे द्यावेत यासाठी मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर भेटावं लागतं, यातच सगळं आलं. बरं, शेजारी काही मागासलेला नाही. कर्नाटकानं १९८८ सालीच दुष्काळावर लक्ष ठेवणारा कक्ष स्थापन केला होता. त्याच संस्थेची पर्जन्यमापकं आता तिथल्या ग्रामपंचायती-ग्रामपंचायतींत आहेत.

आकडे द्यायला नकार सहसा उघड नसतो. ‘पत्र द्या, कळवतो’ असा असतो. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात, आणि त्यावर नुकसानभरपाई अवलंबून असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर केंद्रावरचं तापमान आणि पाऊस थेट पैशात बदलतात. ६४ भरले की काहीच नाही, ६६ भरले की पंचनामे. मंडळात वीस गावं आणि केंद्र एक. केंद्राच्या गावी रिमझिम आणि पाच किलोमीटरवर बांध फुटलेले, हे दर पावसाळ्यात घडतं. अशा वेळी त्याच मंडळातल्या दुसऱ्या खात्याच्या यंत्राचा आकडा शेजारी झळकला तर पहिल्याला उत्तर द्यावं लागेल. न दिलेल्या आकड्याला कुणी जाब विचारत नाही.

दुसरी भीती चुकीच्या आकड्याची, आणि तीही खोटी नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश तापमान दाखवलं आणि जगभर बातमी झाली. तपासणीत सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं. त्याच आठवड्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले, तोही यंत्राचाच दोष. त्यानंतर कुणालाही वाटेल की आकडे आधी तपासू, मग महिन्याभरानं देऊ. पण पुराला महिन्याभरानंतरच्या शुद्ध आकड्याचा काय उपयोग? ताजा, न तपासलेला आकडा तसा शेरा मारून लगेच द्यायचा आणि तपासलेला मागून द्यायचा, अशी वाट आहे. नमुन्यात त्यासाठी रकाना आहेच. मुंगेशपूरचा बोभाटा झाला तो आकडा उघड होता म्हणून, आणि चूक तीन दिवसांत सापडली तीही तो उघड होता म्हणूनच. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांच्या आकड्यांवर सुरक्षेचं बंधन आहे. शेजारी देशांचा प्रश्न आहे, मान्य. कृष्णा-गोदावरीला ती सबब नाही. २०१२च्या राष्ट्रीय माहिती धोरणानुसार सरकारी पैशानं जमवलेली माहिती, संवेदनशील नसेल तर, लोकांना मिळायला हवी.

पुण्यात या दिशेनं एक प्रयोग झाला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं आणि केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या पाठबळानं शहरांच्या माहितीसाठी एक देवघेव-व्यवस्था उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या शहरांत पुणं होतं. हवेच्या दर्जाचे सेन्सर, बस, घनकचऱ्याच्या गाड्या अशा वेगवेगळ्या विभागांच्या माहितीला एकच दार. माहिती ज्याची त्याच्याकडेच राहते. कुणाला किती दाखवायची ते मालक ठरवतो, स्वरूप मात्र सगळ्यांचं एक. भारतीय मानक ब्युरोनं यावर आयएस १८००३ हे मानकही काढलं. मला यातली मालकी न हलवण्याची युक्ती महत्त्वाची वाटते. ‘सगळे आकडे आमच्या सर्व्हरवर आणून टाका’ म्हटलं की खाती पाय रोवून बसतात. ‘तुमचे तुमच्याकडेच ठेवा, विचारलं की एका भाषेत सांगा’ म्हटलं की निदान बैठकीला येतात.

आता पुन्हा यंत्रांची मोठी लाट येते आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयानं २०२३ मध्ये आणलेल्या ‘विंड्स’ योजनेत तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक हे उद्दिष्ट आहे, आणि जुन्या-नव्या सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी यावेत असंही त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती आहेत अठ्ठावीस हजारांच्या आसपास. एवढी यंत्रं निविदांतून येणार. निविदेत खांबाची उंची, पॅनलचे वॅट, बॅटरीचे दिवस, कुंपणाच्या तारेची जाडी हे सगळं काटेकोर लिहिलेलं असतं. त्यातच आणखी काही ओळी लागतील. केंद्राला एकच कायमचा क्रमांक. अक्षांश-रेखांशासोबत यंत्राची जमिनीपासूनची उंची. पाऊस संचयी की कालावधीचा, आणि दिवस किती वाजता सुरू होतो. बंद यंत्राचा शून्य पाठवायला मनाई. खुल्या मानकाचं दार, ज्याची किल्ली कंत्राटदाराकडे न राहता खात्याकडे असेल. आणि बिल निघावं ते बसवलेल्या खांबांच्या संख्येवर नव्हे, तर त्या महिन्यात विचारलेल्या प्रश्नांना किती केंद्रांनी धड उत्तर दिलं त्यावर.